जमादाराची सोयरीक

रिसोड, श्रावण शुद्ध सप्तमी, शके १८५९

शालिग्राम,

पत्राच्या माथ्यावर ‘अनेक आशीर्वाद’ लिहायची रीत मला ठाऊक आहे. ते चुकून गळलेले नाहीत. हे पत्र तू अनसिंगच्या मास्तरांकडून वाचून घेणार, म्हणून त्यांनाही सांगते, की जसं लिहिलंय तसं वाचा, मध्ये गोड करू नका. आबांनी मला चौथीपर्यंत शिकवलं. तुला शाळेत बसवायला गेले की तू चिंचेवर जाऊन बसायचास. त्याचं फळ हे, की बहीणभावाच्या भांडणात तिसरा माणूस चष्मा लावून बसला आहे.

काम कुत्र्याचं आहे. माझी रुख्मिणी विधवा होऊन घरी आली त्या साली तू टोपलीत घालून पिल्लू आणलं होतंस. मी आत वाल सोलत बसले होते आणि मुद्दाम बाहेर आले नाही. तू अंगणात टोपली ठेवलीस, भाचीशी काहीतरी बोललास आणि पाणीही न पिता गेलास. पिल्लाचं आणि माझं काही भांडण नव्हतं, म्हणून ते राहिलं. रुख्मिणीने त्याचं नाव जमादार ठेवलं. आता तो वासराएवढा झाला आहे आणि मळ्यात त्याच्या परवानगीशिवाय चिमणी उतरत नाही. मागच्या हिवाळ्यात रताळ्यांत रानडुक्कर शिरलं, तर याने त्याला कान धरून थोपवलं आणि अंगाला ओरखडा लागू दिला नाही. ही बातमी पाच गावांत गेली. तिथून हे प्रकरण सुरू झालं.

इथून दोन कोसांवर मोहनसिंग ठाकूर राहतात. शिकारीचे शौकीन आहेत. त्यांच्याकडे राणी नावाची कुत्री आहे, हिंगोलीच्या छावणीतल्या जातीची, लांब पायांची. भादव्यात ती माजावर येईल, तेव्हा आमचा जमादार तिला पाहिजे, असं सांगायला ठाकूर स्वतः घोड्यावर बसून आले. पिल्लांना आत्तापासून मागण्या आहेत म्हणाले. आमच्यासाठी एक पिल्लू, आम्ही निवडू ते. तुझे भाऊजी हरखून गेले. ठाकूर दारात येऊन कुत्रा मागतो, म्हणजे जावई मागितल्यासारखंच त्यांना झालं. त्यांनी सुपारी फोडायचीच बाकी ठेवली होती.

मध्ये पडली रुख्मिणी. अनसिंगकडून आवडाबाई कासारीण इथल्या बाजाराला येते, ती तिला म्हणाली होती, की मामाची मैना वाईट मेली. वाईट म्हणजे कशी ते सांगायच्या आत तिला गिऱ्हाईक आलं. मैना ही जमादाराची आई. रुख्मिणी बापाला म्हणाली, मैना कशाने मेली ते कळल्याशिवाय जमादार कुठेही जाणार नाही. ते म्हणाले, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ पाहू नये. ती म्हणाली, कुत्र्याचं पाहू नये असं कुठं म्हटलं आहे? मग मी म्हटलं, कुत्र्याच्या सोयरिकीत एवढी चौकशी कशाला? त्यावर ती जे बोलली ते तुला जसंच्या तसं लिहिते, कारण त्याच्यामुळे हे पत्र आहे.

“माह्या वक्ती कोनं इचारलं नाइ. याच्या वक्ती तरी इचारा.”

 यावर तुला उत्तर सुचलं तर ते तुझ्यापाशी ठेव.

तिच्या लग्नाला पाच वर्षं झाली. मुलगा तुझ्या शिवेला शीव लागलेल्या गावचा. त्याला मिरगी येते, फेफरं येऊन पडतो, हे त्या शिवारातल्या ढोरांनाही ठाऊक असेल. आम्ही रिसोडला, आम्हाला कोण सांगणार? तू. सोयरीक ठरत होती तेव्हा तुला हिवताप होता म्हणून तू आला नाहीस, चंपत न्हाव्याबरोबर निरोप पाठवलास. तोही काय, तर “मिरगाचं पाहून घ्या, मंग लगनाचं ठरवा.” भाचेजावयाची नाही, तुला मृग नक्षत्राची काळजी. आम्ही शहाण्यासारखं तुझं ऐकलं. मिरुग लागायच्या आत, अर्धवट तयारीवर, घाईघाईने लग्न उरकलं. दोन वर्षांनी तो उसाला पाणी देताना मिरगी येऊन पाटाच्या दंडात पडला आणि वीतभर पाण्यात गेला. तेराव्याला मी तुला सगळ्यांसमोर विचारलं होतं, “तुले माईत होतं?” तू म्हणालास, “होतं.” त्यानंतर मी तुला ओवाळलेलं नाही.

एवढं असून विचारते. मैना कशाने मेली? तिला काही रोग होता का? खरं काय ते लिहव.

सोजर


रिसोड, श्रावण वद्य द्वादशी

शालिग्राम,

तुझं कार्ड आलं. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं आहे. “आपली मैना मृगात वारली. तिच्या पोटचे ते एकच पिल्लू जगले, त्यास जपावे.” वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करते. मृगात जनावरं मरतातच. कोवळं गवत, गढूळ पाणी, साप, काहीही असतं. तुझ्या भाऊजींनी त्याच दिवशी ठाकुरांकडे माणूस पाठवला, की सोयरीक पक्की समजा. ठाकुरांनी उलट गुळाची ढेप धाडली. कुत्र्याच्या साखरपुड्याचा गूळ खाणारी आमच्या घराण्यातली मी पहिली.

पोळ्याच्या तयारीचा बाजार भरला तेव्हा आवडाबाई भेटली. रुख्मिणीने बांगड्या भरायच्या निमित्ताने तिच्यापुढे हात धरला आणि विचारलं. विधवेच्या हातात काचेच्या बांगड्या कशाला, असं मागे कोणीतरी म्हणालं. आवडाबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने सगळं सांगितलं. संक्रांतीला ती तुझ्या घरी बांगड्या भरत होती. मैना उन्हात पडली होती. एकाएकी तिचे पाय ताठ झाले, मान मागे गेली, तोंडाला फेस आला. तू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलास. त्याच्या आधीही तिला तसं व्हायचं, असं तुझी बायको म्हणाली. त्या खेपेस ती उठली नाही.

संक्रांतीला, शालिग्राम. मृगात नाही.

आवडाबाईला खोटं बोलून काय मिळणार? तिने तर दोन बांगड्या फुकट भरल्या. म्हणजे खोटं तू बोललास. एकदा लपवलंस त्याचं काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं, आणि तुला पुन्हा लपवायचं सुचलं, तेही कुत्रीसाठी. लहानपणी तू आबांच्या मिश्या कापल्या होत्यास तेव्हासुद्धा पुढे येऊन “मीच कापल्या” म्हणाला होतास. तो मुलगा कुठे गेला ते मला कळत नाही. मला आता राग कमी आणि वाईट जास्त वाटतं.

भादवा लागतो आहे. जमादार रात्रंदिवस हवेत नाक वर करून फिरतो. उत्तर पाठवायचं असेल तर लवकर पाठव. खोटं पाठवायचं असेल तर कार्ड वाया घालवू नकोस.

सोजर


रिसोड, भाद्रपद शुद्ध दशमी

शालिग्राम,

तुझं दुसरं कार्ड मी पुष्कळदा वाचलं. या वेळी अक्षर मास्तरांचं नाही, कोणा दुकानदाराचं दिसतं. कोंबडीचे पाय आहेत, पण तू बोललास तेच त्याने उतरवलं आहे. म्हणून तुझाच आवाज ऐकू आला.

“बाई, मी मास्तराले मिरगीत गेली म्हनलं होतं. तो तिकडचा, कोकनातला. त्याले मिरगी समजते काय. त्यानं मृग केलं. मले वाचून दाखवलं तवा मले वाटलं मिरगीले सुद्ध बोलीत असंच म्हनत असतीन. मी काहून खोटं बोलू.”

हे वाचून आधी मला हसू आलं. शुद्ध बोलीत. तुझ्या मिरगीला त्या माणसाने स्नान घालून, धोतर नेसवून नक्षत्रात बसवलं. मी तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं, तेही हसले. रुख्मिणी मेथी निवडत होती, ती हसली नाही. हातातली जुडी तशीच धरून ती मला म्हणाली:

“आई, चंपतकाकाजवळ मामानं काय म्हनून पाठवलं होतं?”

मी म्हटलं, तुला माहीत आहे, मिरगाचं पाहून घ्या. ती म्हणाली, मामा काय म्हणाला ते विचारते, चंपतकाका काय म्हणाला ते नाही.

 मोट चालू होती, तिचा आवाज येत होता. तुझे भाऊजी बैल सोडायला म्हणून उठले आणि बैल न सोडताच परत आले.

चंपत जाऊन दोन वर्षं झाली, त्याला विचारता येत नाही. त्याला कमी ऐकू यायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लग्नसराईत त्याच्या डोक्यात मिरुग, मुहूर्त, मांडव याशिवाय दुसरं काही नसायचं. त्याने मिरगीचं मिरुग केलं असेल तर त्यात त्याचा काही डाव नव्हता. त्याने ऐकलं तसं सांगितलं. आम्ही ऐकलं तसं केलं. तू म्हणालास ‘आधी तपासा’ आणि आम्ही त्याचं ‘आधी उरका’ केलं. एका वेलांटीचा काना झाला. बस.

तसंच असेल तर मला आता तेरावाही निराळा दिसतो. मी विचारलं, तुले माईत होतं? तू म्हणालास, होतं. तुला वाटलं असेल, की मी सांगूनही यांनी मुलगी दिली आणि वर मलाच विचारतात. लग्नात तू मांडवाच्या खांबाला टेकून गप्प उभा होतास, मुलीचा मामा असून जेवायलाही बसला नाहीस. मी तेव्हा म्हटलं होतं, की मानपानासाठी रुसला.

एक सांग. चंपतला तू कोणता शब्द दिला होतास? दुकानदाराकडूनच लिहव. मास्तर नको.

आणि मैनेला मिरगी होती, तर पिल्लू देताना तू ते का सांगितलं नाहीस, हेही लिहव. तुझ्यावरचा माझा एक राग पातळ होतो आहे म्हणून दुसरा सोडून देणार नाही.

तुझी बाई


रिसोड, भाद्रपद वद्य षष्ठी

शालिग्रामास आशीर्वाद.

कार्ड पोहोचलं. मिरगीच. मला ते वाचायच्या आधीच ठाऊक होतं, तरी तो शब्द मी बोट ठेवून पुन्हा वाचला. मी तुझ्यावर तीन वर्षं अन्याय केला. हे तुला लिहिते आहे, आणि कार्ड नसून पाकीट आहे म्हणून पोस्टमन वाचणार नाही, एवढंच.

मैनेचं पहिलं दुखणं जमादार इकडे आल्यावर वर्षभराने सुरू झालं, हे तुझं म्हणणं मला पटलं. तेव्हा सांगायला तू येणार कसा? मी दार उघडं ठेवलं असतं तर ना.

पण एक गोष्ट तुझ्या पदरात टाकते. तू ‘मिरगीचं पाहून घ्या’ असं काहून म्हणालास? ‘पोराले मिरगी हाये, पोरगी देऊ नका’ असं का नाही? मला ठाऊक आहे. सोयरीक मोडल्याचं पाप लागतं, रोगाचं नाव उघड घेऊ नये, सुज्ञाने समजून घ्यावं. आपल्याकडे सगळे सुज्ञ. तू सरळ म्हणाला असतास तर चंपतच्या कानाने दगा दिला नसता. ‘पोराले मिरुग हाये’ असं म्हणायला तोही अडला असता. यात तुझा वाटा आहे, माझा आहे, चंपतचाही आहे. मी रात्री याच्या वाटण्या करत नाही, पण वाटा आहे.

आता जमादाराचं. मागच्या आठवड्यात ठाकूर आले. गडी, साखळी, झूल, सगळं घेऊन. राणी माजावर आली होती. तुझे भाऊजी माझ्या तोंडाकडे पाहायला लागले, कारण ठाकुरांशी वाकडं कोणालाच नको आहे. आमच्या मळ्याची वाट त्यांच्या शेतातून जाते. मी पुढे झाले आणि सांगितलं, की कुत्रा मिळणार नाही, याच्या आईला मिरगी होती. ठाकूर हसले. म्हणाले, याले तर नाइ ना? मी म्हटलं, आईलाही पिल्लू झाल्यावर आली. तेव्हा ते घोड्यावरून खाली वाकून, अगदी भल्या माणसासारखे, मला म्हणाले:

“बाई, कोनाले सांगू नका म्हंजे झालं. पिल्लू घेनारा काय आईले भेटाले येते?”

रुख्मिणी दाराशी उभी होती. ती बाहेर आली. जमादाराच्या गळ्यात हात घालून म्हणाली:

“ठाकूरसाहेब, माह्या सासरच्याइनंबी असंच म्हनलं असंल.”

ठाकुरांना तिची हकीकत ठाऊक आहे, सगळ्या रिसोडला ठाऊक आहे. त्यांनी घोडा वळवला. गड्याने साखळी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या वाटेवर काट्या टाकल्या, तिसऱ्या दिवशी कोणी न सांगता काढून घेतल्या. त्यांनी राणीसाठी दुसरीकडून कुत्रा आणला असं ऐकते. त्याच्या आईची चौकशी केली की नाही ते कळलं नाही. गुळाची ढेप मी परत केली, जेवढी उरली होती तेवढी.

जमादार मात्र काही ऐकेना. साखळीला बांधला तर खुंटा उपटायचा आणि गावातल्या कुत्र्यांच्या मागे जायला पाहायचा. त्याला काय ठाऊक, त्याची सोयरीक का मोडली? तुझे भाऊजी म्हणाले, बैल बडवणाऱ्याला बोलावतो. रुख्मिणीने ते होऊ दिलं नाही. वाशीमच्या ढोरांच्या दवाखान्यात खच्ची करतात, तिथे त्याला बैलगाडीत घालून घेऊन गेली, येताना त्याचं डोकं मांडीवर होतं. दोन दिवस तो आमच्या कोणाकडे पाहत नव्हता. आता जेवतो. चिमण्यांवर पुन्हा लक्ष आहे.

मला त्याचं वाईट वाटलं. पिल्लं देखणी झाली असती.

तुझी बाई


रिसोड, आश्विन वद्य प्रतिपदा

शालिग्रामास अनेक आशीर्वाद.

हे शेवटचं काम. ते कुत्र्याचं नाही.

शेलूबाजारहून रुख्मिणीला मागणं आलं आहे. पाट लावायचा, दुसरं लग्न करायचं म्हणतात. दौलतराव नाव, आपल्यातलेच, संत्र्यांचा बगीचा आहे, पहिली बायको बाळंतपणात गेली. बातमी आणणारे म्हणतात माणूस हिऱ्यासारखा आहे. बातमी आणणारे असंच म्हणतात. मागच्या वेळचाही हिराच होता.

तुझे भाऊजी आता इतके धास्तावले आहेत, की होय म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. मी रुख्मिणीला विचारलं. पहिल्यांदा मी तिला विचारलं नव्हतं, ठरलं एवढं सांगितलं होतं. ती जमादाराच्या अंगावरचे गोचीड काढत होती. चिमटीतला चिरडला. मग म्हणाली:

“मामाले पाह्याले पाठव. मामा हो म्हनन तर हो. पन निरोप नको. मामानं माह्यासमोर बसून सांगावं.”

तर ऐक. वसुबारसेच्या आधी शेलूबाजारला जा. पाहुणा म्हणून जाऊ नकोस, संत्री घ्यायला आलो म्हणून जा. त्याच्या घरी जेव. त्याच्या आईशी बोल, त्याच्या गड्यांशी बोल, शेजाऱ्याच्या ओट्यावर विडा खा. तो चिडल्यावर कसा दिसतो ते पाहा. पहिल्या बायकोच्या माहेरचे त्याच्याकडे अजून येतात की नाही ते विचार. घरात कोणाला काय रोग आहे ते नाव घेऊन विचार, लाजू नकोस. त्याच्या दारात कुत्रं असेल तर तेही पाहा, ते त्याला भिऊन शेपूट घालतं की धावत येतं.

तिथून घरी परत जाऊ नकोस. सरळ इकडे ये. भाऊबीजेचा पाट मांडून ठेवते. आल्यावर जमादार तुझ्यावर भुंकेल, तुझा वास विसरला असेल. घाबरू नकोस, मी बाहेर उभी असेन.

कोणाजवळ निरोप देऊ नकोस. कार्ड लिहवू नकोस, मास्तरकडूनही नको, दुकानदाराकडूनही नको. ओवाळून झालं की रुख्मिणीला समोर बसव, आणि जे म्हणायचं असेल ते तिला आपल्या तोंडाने म्हण. चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर वाईट, काना-वेलांटीसकट.

तुझी बाई